चिनार लाल होतो तेव्हा

काश्मिरी भाषेत शरद ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. आपल्याकडे पावसाळा सरला की ऑक्टोबरची काहिली आणि मग एके दिवशी पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते, एवढाच काय तो बदल. पानगळ आपण पाहतो ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. पळस उघडाबोडका होऊन फुलतो तेव्हा. काश्मिरात पानगळ थंडीच्या आधी येते आणि येताना रंग घेऊन येते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे तीन-चार आठवडे हा रंगांचा भर असतो. त्यानंतर एखादा जोराचा वारा किंवा पाऊस आला की झाडं दोन दिवसांत रिकामी होतात.

आमच्यासारख्या शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकाला बांधलेल्या कुटुंबांना ही गोष्ट सोयीची आहे, कारण दिवाळीची सुट्टी नेमकी याच दिवसांत पडते. बहुतेक लोक काश्मीर म्हटलं की एप्रिलमधले ट्युलिप, मे महिन्यातला गारवा किंवा जानेवारीतला बर्फ डोळ्यांपुढे आणतात. हरुदचं नाव फारसं कोणी घेत नाही. पण झाडं आणि बागा पाहायच्या, शांतपणे त्यांचे फोटो काढायचे, तर याच्याइतका चांगला काळ नाही असं माझं मत आहे. दिवसा स्वेटर काढून हातात धरावा लागतो, रात्री दोन रजया पुरत नाहीत, आणि दलवरचं पाणी सकाळी इतकं स्थिर असतं की फोटो उलटा धरला तरी पटकन कळू नये.

आम्ही तिघं गेलो होतो. हे, मी आणि आमची लेक. लेक बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकते. तिने कॉलेजच्या मॅडमकडून कॅमेरा मागून आणला होता, माझ्याकडे मोबाइल. खरं तर जायला हव्या होत्या त्या माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो. त्यांचं माहेर औरंगाबादला बेगमपुऱ्यात, बीबी का मकबऱ्याच्या अगदी जवळ. मकबऱ्याच्या बागेत खेळून मोठ्या झालेल्या. आमच्या गच्चीवरच्या चाळीस कुंड्या त्यांच्याच. मोगरा, गुलाब, शेवंती, जास्वंद, शिवाय डब्यांत लावलेला पुदिना आणि ओवा. मरहूम अब्बांनी त्यांना काश्मीर दाखवायचं कबूल केलं होतं, ते राहून गेलं. आता अम्मींचे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि डोळ्यांत काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली आहे, मधली तेवढी शिल्लक आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवण्यासाठी रोज न चुकता थेंब घालायचे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, “येऊन मला गोष्टी सांगत बसू नका. दाखवायला आणा.”

त्यांच्या खोलीत माणसांचे फोटो नसतात. त्यांना ते आवडत नाही. झाडाफुलांच्या चित्रांना मात्र ना नाही. जुन्या कॅलेंडरांवरची फुलं कापून त्यांनी वर्षानुवर्षं भिंतीला लावली आहेत. त्यामुळे काय आणायचं हा प्रश्न नव्हता. कसं आणायचं हा होता. त्याचा विचार लेकीने घरीच करून ठेवला होता. मला वाटत होतं की नजर कमी म्हणजे फोटो मोठा हवा. ती म्हणाली, “नाही अम्मा, दादीअम्मी नळीतून बघितल्यासारखं बघतात. मोठा फोटो धरला तर त्यांना त्याचा एक तुकडाच दिसणार. छोटा फोटो, हातभर लांब धरला की अख्खा त्या नळीत मावेल. आणि त्यात गर्दी नको. एका फोटोत एकच गोष्ट, मागे काळोख किंवा मोकळं आकाश. फिकट रंगावर फिकट रंग त्यांना कळत नाही.” तिने आजीला खिडकीत बसवून वेगवेगळ्या आकाराची चित्रं दाखवून हे पडताळून घेतलं होतं. या एका अटीने आमचा सगळा प्रवास बदलला. आपण बागेत गेलो की संपूर्ण बाग एका चौकटीत कोंबायला बघतो. आम्हाला बाग एकेका घासाने उचलायची होती.

पहिल्या दिवशी फजरनंतर लगेच आम्ही नसीम बागेत गेलो. दल सरोवराच्या पश्चिम काठावर, हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात ही बाग आहे. बाग म्हणावं असं तिथे कारंजं नाही, फुलांचे वाफे नाहीत. आहेत ते फक्त चिनार, शेकड्यांनी. अकबराच्या काळात इथे बाग सुरू झाली आणि शाहजहानच्या काळात चिनारांची मोठी लागवड झाली, असं सांगतात. लावण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार झाडं. सूर्य कुठेही असला तरी मधल्या जागेवर कोणत्या ना कोणत्या झाडाची सावली पडतेच. त्या मधल्या जागेत उताणं झोपून वर पाहिलं की चारही झाडांची पानं एकमेकांना भिडलेली दिसतात आणि मध्ये निळ्या आकाशाचा एक तुकडा. लेकीने तसाच झोपून पहिला फोटो काढला. येणाऱ्या-जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचं काही वाटलं नाही. हरुदमध्ये तिथे निम्मी माणसं आडवी होऊन वरच बघत असतात.

चिनार म्हणजे प्लॅटॅनस ओरिएंटॅलिस. काश्मिरी नाव बून्य. झाड पंचवीस-तीस मीटर उंच होतं आणि शतकानुशतकं जगतं. बुंधा इतका रुंद की जुन्या झाडाच्या पोकळीत चार माणसं बसतील. खोडाची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खाली पिवळसर, करडे, हिरवट डाग उमटतात. पान हाताच्या पंजासारखं, पाच ते सात बोटांचं. मोगलांनी हे झाड काश्मिरात आणलं असं अनेकदा ऐकायला मिळतं, पण ते त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. मोगलांनी ते रांगांनी, हिशोबाने लावलं. नावाबद्दलही एक गोष्ट सांगतात की, लाल झालेलं झाड दुरून पाहून बादशहाच्या तोंडून ‘ची नार’, म्हणजे ‘काय ही आग’, असे शब्द निघाले. गोष्ट छान आहे, पण चिनार हा शब्द फारसीत जुनाच आहे.

पान लाल का होतं, हे मला लेकीकडून पहिल्यांदा नीट समजलं. दिवस लहान होऊ लागले, थंडी वाढली की झाड पानातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, मोडून त्यातलं कामाचं ते फांद्यांत परत ओढून घेतं. हिरवा गेला की त्याखाली पूर्वीपासूनच असलेला पिवळा दिसू लागतो. लाल मात्र आधी नसतो, तो त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडक पण बर्फ न पडणारी थंडी लागते. म्हणून एखाद्या वर्षी ढगाळ हवा राहिली तर चिनार पिवळ्यावरून थेट तपकिरीवर जातो. एकाच झाडावर उन्हाकडची बाजू लाल आणि सावलीकडची अजून हिरवी, हे तर आम्ही पदोपदी पाहिलं. लेकीने एकाच झाडाखालची सात पानं गोळा करून हिरव्यापासून तपकिरीपर्यंत ओळीने मांडली. तो फोटो मात्र अम्मींसाठी नव्हता, कॉलेजसाठी होता. अम्मींसाठी तिने सातही पानांचे वेगवेगळे फोटो काढले, काळ्या शालीवर ठेवून.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. चिनारच्या पानाचा फोटो सूर्य आपल्या पाठीशी ठेवून काढला तर ते पान नुसतं रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखं येतं. पान आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असेल तर ते आतून पेटल्यासारखं दिसतं, शिरा न् शिरा मोजता येते. नसीम बागेत सकाळी सूर्य तळ्यापलीकडच्या डोंगरावरून येतो, म्हणून तळ्याकडे तोंड करून उभं राहावं. मोबाइल असेल तर पानावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा. नाहीतर लाल रंग फुटतो आणि पानाचा नुसता डाग उरतो. आणि तो रंग आणखी गडद करणारा फिल्टर लावू नये. चिनारला त्याची गरज नाही.

झाडांखाली काही बायका खराट्याने पानं गोळा करून पोत्यांत भरत होत्या. ही पानं जाळायची, जळता जळता वर पाणी शिंपडायचं, की त्यांचा हलका कोळसा होतो. तो हिवाळ्यात कांगडीत घालतात. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं. काश्मिरी माणूस ते फिरनच्या आत धरून थंडी काढतो. पानं जाळल्याने धूर फार होतो म्हणून अलीकडे त्याला मनाई केली जाते, खत करा म्हणून सांगितलं जातं. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. ज्यांच्या घरी विजेची शेगडी रात्रभर चालते त्यांना धुराबद्दल बोलणं सोपं जातं.

लेकीला त्यातल्या एका वयस्कर बाईंचा पोतं पाठीवर घेतलेला फोटो हवा होता. माझ्या डोळ्यांपुढेही तो आला होता. मागे लाल झाडं, पुढे ती वाकलेली आकृती. लेकीने जवळ जाऊन आधी सलाम केला आणि विचारलं. त्या हसल्या आणि मोडक्या उर्दूत म्हणाल्या, “पत्तों का लो बेटी, मेरा क्या लेना.” मग त्यांनी पोत्याचं तोंड उघडून आमच्यापुढे धरलं. आत काठोकाठ पानं. वरची ओलसर, लालभडक, खालची कुरकुरीत. पोत्याच्या काळोखातून वर आलेल्या पानांचा तो फोटो आमच्या सगळ्या फोटोंत मला सर्वांत जास्त आवडतो. तिथे बागेत बसलेल्या बायकांचे, मुलींचे न विचारता फोटो काढणारे पर्यटक आम्ही पुष्कळ पाहिले. मोठ्या लेन्सा लावून लांबून काढतात. आपल्या लेकीबाळींचे असे कोणी काढले तर आपण काय म्हणू, हा विचार त्यांच्या मनात येत नसावा.

नसीम बागेतून हजरतबल चालत जाता येतं. आजची पांढऱ्या संगमरवराची इमारत 1979 मध्ये पूर्ण झाली, पण ही जागाही मुळात एक बागच होती. सुभेदार सादिक खानने 1623 मध्ये इथे बाग आणि महाल उभारला. पुढे शाहजहानने 1634 मध्ये त्याचं प्रार्थनास्थळ केलं. जुहरची नमाज आम्ही तिथे अदा केली. अंगणातून समोर पाण्यापलीकडे झबरवानचे डोंगर दिसतात, आणि त्यांच्या पायथ्याशी निशात बागेची तांबूस पायरी.

निशातला दुपारनंतर जावं. सकाळी गेलात तर निराशा होईल, कारण बाग पूर्व काठावर डोंगराला टेकून आहे. सूर्य मागच्या डोंगरावरून वर यायला वेळ घेतो आणि तोवर सगळी बाग सावलीत असते. दुपार कलली की ऊन तळ्यावरून थेट बागेच्या तोंडावर येतं. असर ते मगरिब हा खरा वेळ. त्या दीड-दोन तासांत रंग दर पाच मिनिटांनी बदलतो. आम्ही असर तिथेच हिरवळीवर एका कडेला अदा केली.

निशात ही नूरजहाँचा भाऊ आसफ खान याने 1633 मध्ये उभारलेली बाग. बारा राशींच्या नावाने बारा पायऱ्या आणि मधोमध वरून खाली येणारा पाण्याचा पाट. आता दलच्या काठाचा रस्ता खालच्या भागातून गेल्यामुळे तळ्यापर्यंतची जुनी सलगता राहिलेली नाही. आपल्याकडच्या मकबऱ्याची बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथला फरक लगेच कळेल. मकबरा सपाट जमिनीवर आहे, तिथे चारबाग म्हणजे खरोखर चार सारखे भाग आणि मध्ये इमारत. इथे जमीन उताराची, पाणी वरून येणारं. त्यामुळे चार भागांचा नियम ताणून त्याची शिडी केली आहे. मकबऱ्यात पाणी आणावं लागतं, इथे पाणी थोपवावं लागतं. प्रत्येक पायरीवरून ते खडबडीत कोरलेल्या दगडी उतारावरून पडतं. हे कोरीव उतार मुद्दाम असे केलेले आहेत. गुळगुळीत असते तर पाणी नुसतं घसरलं असतं, खवल्यांवर आपटून ते पांढरं होतं आणि आवाज करतं.

एक दंतकथा तिथला प्रत्येक माळी सांगतो. शाहजहानला ही बाग इतकी आवडली की त्याने आसफ खानपुढे तीन-तीनदा तिची तारीफ केली. सासऱ्याने ती नजर करावी अशी त्याची अपेक्षा. आसफ खान काही बोलला नाही. तेव्हा बादशहाने रागाने निशातला येणारं पाणी तोडलं. बाग कोरडी पडली, आसफ खान झाडाखाली उदास बसला. ते पाहवेना म्हणून त्याच्या एका नोकराने जिवावर उदार होऊन पाणी पुन्हा सोडलं. बादशहाला हे कळल्यावर सगळ्यांना वाटलं, नोकर मेला. पण शाहजहानने त्याच्या इमानाची कदर केली आणि पाण्याचा हक्कही आसफ खानला परत दिला. खरं-खोटं कोणास ठाऊक, पण गोष्टीत बागेचा जीव कुठे आहे ते बरोबर सांगितलं आहे.

अम्मींसाठी आम्हाला तेच हवं होतं. लेकीने दगडी उताराच्या बाजूला बसून फक्त पडणारं पाणी घेतलं, त्यावर अडकलेलं एक चिनारचं पान. माळीकाकांनी ते पाहिलं आणि खराटा थांबवून पाच मिनिटं पानं काढायचं काम सोडून दिलं. मी मात्र मोह आवरला नाही. वरच्या पायरीवर जाऊन अख्खी बाग, पाट, तळं, पलीकडचा हजरतबलचा पांढरा ठिपका आणि मावळता सूर्य, असा एक फोटो काढलाच.

शालिमार दुसऱ्या दिवशी. जहांगीरने 1619 मध्ये नूरजहाँसाठी बनवलेली, जास्त प्रसिद्ध आणि म्हणून जास्त गर्दीची. तिथल्या काळ्या संगमरवरी बारादरीभोवती कारंजी आहेत आणि पाण्याच्या पडद्यामागे दगडात कोनाडे, चिनीखाने. दिवसा त्यात फुलं आणि रात्री दिवे ठेवत. कोनाडे आता रिकामे आहेत. वाफ्यांत मात्र शेवंती भरात होती. उर्दूत तिला गुल-ए-दाऊदी म्हणतात. आमच्या गच्चीवरची तीच, फक्त इथे थंडीमुळे फूल बशीएवढं. चश्मेशाही ही 1632 ची छोटी बाग आम्ही धावत पाहिली. तिथलं झऱ्याचं पाणी प्यायलो आणि बाटली भरून घेतली. वेळ थोडा असेल तर शालिमार सोडून निशातला दोनदा जा, असं मी सांगेन.

झाडांची चित्रं काढायला काश्मीरला येण्याची रीत आपली नाही, जुनी आहे. 1620 मध्ये जहांगीर इथे आला तेव्हा त्याच्यासोबत चित्रकार उस्ताद मन्सूर होता, ज्याला बादशहाने ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे ‘युगातला अद्वितीय’, असा किताब दिला होता. मन्सूरने काश्मीरच्या शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली, अशी नोंद जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. त्यातली फारच थोडी आज शिल्लक आहेत. लाल ट्युलिपचं त्याचं प्रसिद्ध चित्र अलीगढच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. छापील पुस्तकात मी ते पाहिलं आहे. एकच फूल, त्याच्या पाकळ्या, देठ, पानं, बसू पाहणारं एक फुलपाखरू आणि मागे काही नाही. लेकीने ते मोबाइलवर काढून दाखवलं आणि म्हणाली, “बघा, उस्तादांनाही माहीत होतं.”

शेवटचा दिवस आम्ही पांपोरसाठी ठेवला होता. श्रीनगरहून जम्मूच्या रस्त्याने अर्ध्या तासाच्या आत. इथे करेवा म्हणजे उंचवट्याची कोरडी पठारं आहेत आणि त्यांवर केशराची शेतं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फुलं येतात. शेताकडे दुरून पाहिलं तर नुसती तपकिरी माती दिसते. जवळ गेलं की मातीतून थेट उगवल्यासारखी जांभळी फुलं, पान आहे की नाही असं. सहा पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर आणि तीन लाल तंतू. ते तीन लाल तंतू म्हणजे केशर. एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुलं लागतात आणि प्रत्येक फूल हातानेच खुडावं लागतं, तेही सकाळी, ऊन चढून ते कोमेजायच्या आत. या झाडाला बी धरत नाही. जमिनीतल्या कंदाला कंद फुटतो आणि माणसाने तो उचलून दुसरीकडे लावला तरच केशर पसरतं. म्हणजे माणसाने हात काढून घेतला तर हे पीक संपेल. शेतकरी सप्टेंबरच्या पावसाची वाट पाहतात. तो चुकला की फुलं कमी येतात, आणि अलीकडे तो बऱ्याचदा चुकतो. शेतांच्या कडेने नवी घरंही उठत आहेत.

जहांगीरनेही पांपोरची ही फुलं पाहिली होती. वासाने त्याच्या लोकांची आणि त्याचीही डोकी दुखू लागली, तेव्हा त्याने फुलं खुडणाऱ्या काश्मिरींना विचारलं, तुमचं कसं होतं? ते म्हणाले, आमचं डोकं कधी दुखलंच नाही. आमच्याही लेकीचं दुखलं नाही. ती तासभर गुडघ्यांवर बसून एका फुलाचा फोटो काढत होती. शेतमालक चाचांनी तिला पायाखाली काय आहे ते आधी दाखवलं, वाफ्यातून न जाता सरीतून कसं चालायचं ते शिकवलं आणि मग कहवा पाजला. निघताना त्यांनी एक खुडलेलं फूल कागदात गुंडाळून दिलं. “वालिदा के लिए,” हे ह्यांना म्हणाले.

घरी आल्यावर लेकीने बावीस फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणले. अम्मींना सकाळी खिडकीशी बसवलं, उजेड मागून येईल असं. एकेक फोटो ती हातभर अंतरावर धरत होती आणि अम्मी मान किंचित हलवत त्याला शोधत होत्या. सापडला की मान थांबायची. काळ्या शालीवरचं लाल पान पहिल्या क्षणी सापडलं. “हात आहे,” त्या म्हणाल्या. मग आम्ही वर्तमानपत्रात दाबून आणलेलं खरं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी त्याचे कोन मोजले, पाच, आणि देठाचा फुगीर शेवट चाचपत राहिल्या. पोत्यातली पानं पाहून त्यांनी विचारलं, ही कुणाची? आम्ही कांगडीचं सांगितलं. शेवंतीला त्यांनी नाव घेऊन ओळखलं आणि आपल्या कुंडीतल्या शेवंतीला यंदा खत कोणी घातलं नाही म्हणून मला बोलल्या. केशराचं फूल वाळलं होतं, पण वास होता. तो कागद त्यांनी उशीखाली ठेवला.

पडत्या पाण्याचा फोटो त्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिला. “आवाज येत असेल,” एवढंच म्हणाल्या.

मी काढलेला, अख्ख्या निशातचा सूर्यास्ताचा फोटोही त्या गठ्ठ्यात होता. तो त्यांनी बराच वेळ इकडून तिकडे हलवून पाहिला आणि माझ्याकडे परत दिला.

“यात फार काही आहे, बहू,” त्या म्हणाल्या. “यातला हा पांढरा ठिपका काय आहे? हजरतबल? मग मला तेवढाच कापून दे.”